लोकसंख्येचा रकाना

आमच्या संदर्भकोशाच्या नव्या आवृत्तीसाठी आफ्रिकेच्या नोंदी तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. एरवी एका देशाला अर्धा दिवस पुरतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नोंदीने मात्र गेल्या गुरुवारी पूर्ण दिवस घेतला.

पहिल्याच प्रूफात राजधानी किन्शासा, पण राष्ट्राध्यक्ष मात्र नदीपलीकडच्या काँगो प्रजासत्ताक या वेगळ्या देशाचे. काँगो नदीच्या समोरासमोरच्या काठांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन देशांच्या राजधान्या आहेत आणि दोन्ही देश 1960 मध्येच स्वतंत्र झाले, त्यामुळे गोंधळ होऊ शकतो हे मान्य. तरीही लिहिणाऱ्याने नकाशा उघडायला हवा होता. नकाशाही जुनाच, 11 प्रांतांचा. राज्यघटनेने ठरवलेली 26 प्रांतांची रचना, त्यात किन्शासा शहरही आले, 2015 मध्ये अमलात आली आणि एकट्या कातांगाचे चार प्रांत झाले. ‘हाउट-उएले’ या प्रांताचे नाव मी ‘ओ-उएले’ असे केले. फ्रेंचमध्ये त्यातला ‘ह’ आणि शेवटचा ‘ट’ उच्चारत नाहीत, आणि अर्थ ‘वरचा उएले’ असा होतो. अशा दुरुस्तीकडे वाचकाचे लक्ष जात नाही, पण मला ती करताना मनापासून समाधान वाटते.

खरी अडचण लोकसंख्येच्या रकान्यात आली. तेथे थेट एककापर्यंत दिलेला नऊ अंकी आकडा होता. त्या देशात शेवटची जनगणना 1984 मध्ये झाली. तेव्हा लोक होते सुमारे 3 कोटी. त्यानंतर युद्धे झाली, लाखो लोक विस्थापित झाले, आणि सुमारे साडेतेवीस लाख चौरस किलोमीटरच्या या देशात कित्येक गावांपर्यंत धड रस्ताच पोहोचलेला नाही. प्रौढ माणसाचे ओळखपत्र म्हणून प्रत्यक्षात मतदार कार्डच चालते. आज 10 कोटींहून अधिक लोक तेथे राहतात असे मानले जाते, पण तो अंदाज आहे, आणि दोन मान्यवर संदर्भांत त्यात लाखांचा फरक पडतो.

मी ‘अंदाजे’ आणि ‘शेवटची जनगणना 1984’ असे लिहून प्रूफ पाठवले. संपादकांनी दोन्ही खोडले, कारण रकान्यात शब्द बसत नाहीत आणि इतर देशांना तळटीप नाही. रकान्याची रुंदी हे कारण मला पटत नाही. मोजलेले नसताना मोजल्यासारखा आकडा छापणे ही चूकच आहे, आणि विद्यार्थी तो पाठ करणार आहेत.

तळटिपेच्या दोन ओळी पुन्हा लिहून मी प्रूफ टेबलावर ठेवले आहे. सही अजून केलेली नाही.