दहा मिनिटांचं लोखंड

पवनचक्कीची पाती सगळ्यांना दिसतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गाडी थांबवून लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात. पात्यांच्या मागे, वरच्या पेटीत गिअरबॉक्स असतो आणि बऱ्याच चक्क्यांमध्ये त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा बिडाचा एक जाडजूड भाग असतो, टॉर्क आर्म. वाऱ्याचा प्रत्येक झटका पात्यांतून गिअरबॉक्सात येतो आणि शेवटी या भागावर पडतो, तोही वीस-वीस वर्षं. हा भाग तडकला तर मोठी क्रेन आणून अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायची वेळ येते. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेटलर्जिस्ट आहे. आम्ही पहिला टॉर्क आर्म ओतला, त्या दिवसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

कोल्हापूरला बीड नवं नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे भाग ओतत इथल्या पिढ्या मोठ्या झाल्या. पुढे पंप आले, ट्रॅक्टर आले, ट्रक आले. पण आमच्याकडचे जॉब हजारांच्या संख्येनं निघणारे आणि ट्रॉलीत मावणारे. टॉर्क आर्म सव्वातीन टनांचा. ग्राहक दक्षिणेतली गिअरबॉक्स बनवणारी कंपनी. तोवर त्यांच्याकडे हा भाग चीनहून बोटीनं यायचा. 2025च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं पवनचक्कीची पाती, टॉवर, जनरेटर, गिअरबॉक्स आणि विशेष बेअरिंग मंजूर यादीतल्या कारखान्यांकडूनच घ्यायचा नियम आणला आणि आमच्यासारख्यांकडे चौकशा वाढल्या. नियम चांगलाच आहे. पण गिअरबॉक्सची जोडणी भारतात झाली आणि आतलं बीड बाहेरूनच येत राहिलं, तर आपल्या पोरांच्या हातात पाना येईल, कसब येणार नाही. म्हणून हा जॉब आपल्याला जमलाच पाहिजे, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

ड्रॉइंगवर बिडाची ग्रेड होती 400-18 एलटी. 400 म्हणजे ताण सोसण्याची ताकद, 18 म्हणजे तुटण्याआधी किती टक्के लांबतं ते, आणि एलटी म्हणजे उणे 20 अंशांना हातोड्याचा फटका खाऊनही ठिसूळ व्हायचं नाही. जाड भागासाठी तीन नमुन्यांची सरासरी किमान 10 जूल हवी आणि एकही नमुना 7च्या खाली जायला नको. हे ऐकून आमच्या पोअरिंगच्या तात्यांनी विचारलं, “ताई, सातारला उणे वीस कवा पडलंय?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “तात्या, डिझाइन युरोपातलं आहे. हीच चक्की बर्फातही उभी राहते, सातारसाठी वेगळी करत नाहीत.” त्यांनी मान डोलावली आणि लगेच कामाचं विचारलं, “मग सिलिकॉन किती ठेवायचं?”

सगळी मेख तिथंच होती. सिलिकॉन वाढलं की थंडीत बीड ठिसूळ होतं, मँगनीज वाढलं तरी तेच. त्यामुळे हाती येईल तो भंगार भट्टीत टाकून चालत नाही. आम्ही गोव्यातल्या आमोण्याचं पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून बनलेलं कच्चं लोखंड, घेतलं, स्टीलचा भंगार निवडून घेतला, सिलिकॉन 2 टक्क्यांच्या आसपास बांधलं आणि मँगनीज 0.2च्या आत.

दुसरी गोष्ट मॅग्नेशियमची. साध्या बिडात ग्रॅफाइट चपट्या पापुद्र्यांच्या रूपात असतं आणि तडा त्या पापुद्र्यांच्या कडेनं धावतो. वितळलेल्या रसात थोडंसं मॅग्नेशियम गेलं की तेच ग्रॅफाइट गोळ्या धरतं आणि बीड चिवट होतं. पण मॅग्नेशियम रसात टिकत नाही, मिनिटामिनिटाला उडत राहतं. लेडलमध्ये, म्हणजे रसाच्या मोठ्या बादलीत, ट्रीटमेंट (मॅग्नेशियम मिसळणं) झाल्यापासून साच्यात जॉब भरेपर्यंत जास्तीत जास्त दहा मिनिटं, हा आमचा नियम. तात्या ट्रीटमेंटची वेळ खडूनं लेडलच्या स्टँडवर लिहितात. कॉम्प्युटरवर ती आपोआप नोंदली जाते, तरीही लिहितात.

मे महिना होता. ग्राहकाचा इन्स्पेक्टर आदल्या रात्रीच येऊन राहिला होता, मालक सकाळपासून शॉपवर होते. साचा दोन दिवस आधी बंद करून ठेवलेला, जाड जागांना चिल, म्हणजे रस लवकर गोठवणारे धातूचे ठोकळे, लावलेले. दुपारी हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा रस, तयार झाली, घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचा रिपोर्ट मनासारखा आला. लेडलच्या तळच्या खिशात मॅग्नेशियमचं अ‍ॅलॉय, त्यावर स्टीलच्या चकत्यांचं झाकण. वरून रस पडला आणि पांढराशुभ्र उजेड छतापर्यंत गेला. तो उजेड मी कित्येकदा पाहिलाय, तरी दर वेळी छातीत धडधडतं. उजेड बसला, वर तरंगणारा मळ, स्लॅग, काढला, क्रेननं लेडल उचललं. साच्याच्या दिशेनं जेमतेम निघालं आणि क्रेन जागीच थांबली.

पॅनल ट्रिप झालं होतं. इलेक्ट्रिशियन शिडीवर चढला. चार टन रस अधांतरी, खाली सगळी माणसं मागे सरकलेली. तीन मिनिटं गेली, मग पाच. आठव्या मिनिटाला क्रेन सुरू झाली. लेडल साच्यापर्यंत न्यायला आणि जॉब भरायला अजून चार मिनिटं तरी हवी होती.

खरी परीक्षा इथं होती. कारण तापमान अजून व्यवस्थित होतं, 1345 अंश. रस डोळ्यांना अगदी ठीक दिसत होता. आमच्या एका तरुण इंजिनिअरचं म्हणणं होतं की ओतून टाकू, साच्यात थोडं इनॉक्युलंट, म्हणजे ग्रॅफाइट नीट तयार व्हायला मदत करणारी पूड, जास्त देऊ. त्याच्या बोलण्यात चूक काढण्यासारखं फार नव्हतं. पातळ जॉब असता तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं. पण या जॉबच्या जाड भागात रस तासन् तास हळूहळू गोठणार होता. मॅग्नेशियम कमी पडलं तर गोळ्या नेमक्या तिथंच फाटणार आणि वरून काहीही दिसणार नाही. अल्ट्रासॉनिक तपासणीत सापडेल न सापडेल. नाही सापडलं तर तो भाग कुठल्या तरी पठारावर ऐंशी-शंभर मीटर उंचीवर जाऊन बसणार.

मी तात्यांकडे बघितलं. ते माझ्या आधीच बोलले, “मेटल ग्येलं, ताई. ह्यातनं जॉब न्हाई हुयाचा.”

मालकांनी मला विचारलं, “नक्की?” मी म्हटलं, “नक्की.” ते एवढंच म्हणाले, “पिग करा.” चार टन रस पिगच्या, म्हणजे पुन्हा वितळवायच्या साध्या लाद्यांच्या, साच्यांत गेला. एक टन बीड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते, म्हणजे पाऊण शिफ्टच्या मेहनतीबरोबर दोन हजारांवर युनिटंही गेली. कोल्हापुरातले फौंड्रीवाले विजेच्या दराबद्दल किती पोटतिडकीनं बोलतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना त्या दोन शब्दांची किंमत कळेल. आता आमची दिवसाची काही वीज ओपन अ‍ॅक्सेसनं, म्हणजे थेट उत्पादकाकडून विकत घेऊन, सोलापूरकडच्या सौर प्रकल्पातून येते, म्हणून मोठ्या हीट आम्ही शक्यतो उन्हाच्या वेळेतच लावतो. त्या दिवसाची ती वेळ गेली होती.

पिग करताना तेराव्या मिनिटाला मी नमुना घेतला. मॅग्नेशियम 0.032 टक्के, या जॉबसाठी आमची खालची हद्द 0.038. नमुना घासून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरला. बऱ्याचशा गोळ्या गोल होत्या, पण मधूनमधून कडा विस्कटलेल्या आणि काही ठिकाणी वेडेवाकडे लांबट तुकडे. एवढ्याशा, झटकन गोठलेल्या नमुन्यात ही गत, तर जाड भागात काय झालं असतं ते सांगायला नको. त्या तरुण इंजिनिअरला मी बोलावून दाखवलं. त्यानं बराच वेळ डोळा काढला नाही. मग म्हणाला, “मॅडम, याचा फोटो मला द्या, मोल्डिंगच्या पोरांना दाखवतो.” इन्स्पेक्टरनंही वाकून बघितलं आणि वहीत नोंद केली.

तेच पिग पुन्हा वितळवून ओतता आलं नसतं. ट्रीटमेंटच्या अ‍ॅलॉयमधून त्यात सिलिकॉन वाढलेलं असतं. ते दुसऱ्या जॉबसाठी बाजूला ठेवलं आणि ताज्या मालाची हीट पुन्हा पहिल्यापासून बांधली. संध्याकाळी ओतायच्या आधी इलेक्ट्रिशियन पॅनलपाशीच उभा राहिला, शेडच्या शेजारच्या भागातली, बेची, क्रेन रिकामी करून तयार ठेवली. या वेळी ट्रीटमेंटपासून सहा मिनिटांत साचा भरला. रायझरमध्ये, म्हणजे साच्याच्या वरच्या पोकळीत, रस वर आला तेव्हा तात्यांनी हात वर केला आणि शॉपवर कुणीतरी जोरात शिट्टी वाजवली.

साचा थंड होऊ द्यायला दिवस जातात, घाई केली तर जॉब तडकतो. साफसफाई झाली, अल्ट्रासॉनिक झालं, नमुने लॅबला गेले. उणे 20 अंशांना तीन फटके: 11, 13, 12 जूल. तात्यांना आकडे सांगितले तर म्हणाले, “म्हंजे बर्फात चालंल.”

मंजुरी आली, पहिली छोटी ऑर्डरही आली. आयटीआयची दोन पोरं आता तात्यांच्या हाताखाली लेडलवर आहेत आणि वेळ खडूनं तीच लिहितात.

पण एक सल आहे. जॉब इथं ओततो आणि कच्चाच ट्रेलरवर चढवून दक्षिणेत पाठवतो, कारण एवढ्या मोठ्या भागाला ग्राहकाला हवी त्या अचूकतेनं बोअर करणारं मशीन आमच्याकडे नाही. किलोमागे ओतकामात जेवढं मिळतं, त्याहून जास्त पैसा मशीनिंगमध्ये आहे, आणि ते काम करू शकणारी पोरं याच जिल्ह्यात आहेत. मशीन एकट्याला परवडणारं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या आम्ही काही फौंड्रीवाल्यांनी ते मिळून घेता येईल का, याचा हिशेब मांडायला घेतलाय. त्यातला मेटलर्जीचा भाग माझ्याकडे आहे. कुठल्या ग्रेडचे, किती टनांचे जॉब वर्षभर पुरतील याची यादी मी रोज संध्याकाळी शिफ्ट संपल्यावर करत बसते.