एएस नंबर सरळ लिहा, टिंब नको

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या आयएसपीच्या (इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या) ऑफिसात काल रात्री दोन तास एका टिंबापायी गेले. इंटरनेटवर स्वतःचं राउटिंग करणाऱ्या प्रत्येक नेटवर्कला एएस नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, असतो, आधी तो १६ बिटचा होता म्हणजे ६५५३५ पर्यंतच, मग ३२ बिटचा आला आणि मोठा आकडा कसा लिहायचा यावर दोन पद्धती पडल्या. सरळ लिहिलं तर ६५५४६, टिंब देऊन लिहिलं तर १.१०, म्हणजे १ गुणिले ६५५३६ अधिक १०. दिसायला सुटसुटीत आहे, मान्य, पण आमच्या पोरानं एक्सेलमध्ये १.१० टाकलं आणि एक्सेलनं शेवटचं शून्य खाऊन १.१ केलं, की झालं ६५५३७, म्हणजे दुसरंच नेटवर्क! आणि राऊटरच्या फिल्टरमधे रेजेक्स (मजकूर जुळवायचा नमुना) लिहिताना टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, त्यामुळं प्रत्येक ठिकाणी आधी बॅकस्लॅश द्यायचा, एखादा राहिला की भलताच रूट (डेटाचा मार्ग) मॅच होतोय.

२००८ च्या आरएफसी ५३९६ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक पद्धती सांगणारा दस्तऐवज) सरळ दशमान आकडाच धरा असं सांगितलंय आणि मला ते शंभर टक्के पटतं. ४२००००००००सारखा खाजगी (फक्त आतल्या वापराचा) नंबर वाचताना डोळे फिरतात खरे, पण कॉपी-पेस्ट करा की. आज शीटचा तो कॉलम टेक्स्ट केला, सगळे नंबर सरळ करून घेतले.