डाळ बंद, दंड बारीक

काकांच्या मुलाने माझ्यापुढे, म्हणजे आहारतज्ज्ञापुढे, पिशवीतून पथ्याचा जो कागद काढला तो लॅमिनेशन करून जपलेला होता. दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यातला. डाळी बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, उसळी बंद. काकांच्या घरी वर्षभर तो कागद तंतोतंत पाळला गेला होता. तांदळाची पेज, साखर घातलेला साबुदाणा आणि उसाचा रस.

काका माळकरी. दारूचा थेंब कधी घेतला नाही; हिपॅटायटिस बी च्या विषाणूमुळे सिरॉसिस झालेला, म्हणजे लिव्हर कडक होऊन थकलेलं. तरी गावाने 'पीत असणार' म्हणायचं सोडलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी ते रात्रभर जागे, दिवसा पेंगत आणि शर्टाची बटणंही लावता येईनात, अशा अवस्थेत दाखल झाले होते. मावशींचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, निष्कर्ष पक्का होता: "सप्त्यात कुणीतरी वाटीभर वरण वाढलं मॅडम, तेच बाधलं."

डॉक्टरांना कारण वेगळंच सापडलं होतं. नुसत्या पेजेवर राहून काकांना चार दिवस शौचाला झालं नव्हतं. आतड्यात तयार झालेला अमोनिया बाहेर पडला नाही, लिव्हरला तो आवरला नाही आणि तो मेंदूपर्यंत पोचला. लॅक्टुलोजचं औषध सुरू झालं, पोट साफ झालं आणि मी भेटायला गेले तेव्हा काका हरिपाठ म्हणत होते. वरणाची वाटी निर्दोष सुटली.

"पण वजन तर वाढलंय," मुलगा म्हणाला. काटा ६४ किलो दाखवत होता. मी टेप काढून काकांच्या दंडाभोवती लावली, तेव्हा तो गप्प झाला. वाढ होती ती पोटातल्या पाण्याची. दंड, मांड्या, खांदे पार उतरले होते. लिव्हर थकलं की अमोनिया निपटण्याचं बरंचसं काम स्नायूंवर येतं, आणि खाण्यातलं प्रोटीन बंद केलं की शरीर तेच स्नायू मोडून खातं. मावशींना म्हटलं, हे बियाणं दळून खाण्यासारखं झालं. त्यांना ते लगेच पटलं.

प्रोटीनपासून अमोनिया बनतो म्हणून ते बंद करायचं, हा नियम जुना आहे. बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी २००४ साली अशाच, भ्रम झालेल्या रुग्णांना नेहमीएवढं प्रोटीन देऊन पाहिलं; त्यांचा त्रास काही वाढला नाही. आता किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम सांगतात. पण जुने कागद झेरॉक्स होतच राहतात, याचा मला खरंच राग येतो.

पाणी वजा करून काकांचं वजन ५५ धरलं, म्हणजे ६६ ते ८२ ग्रॅम. अंडं चालणार नव्हतं, पण त्याने अडलं नाही. डाळी-दुधाचं प्रोटीन अशा रुग्णांना उलट जास्त सोसतं. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, पाऊण वाटी कच्च्या डाळीचं वरण, अर्धा लिटर दूध, मूठभर फुटाणे, मटकीची उसळ. सत्तरच्या आसपास हिशेब बसला. मीठ मात्र दिवसाला लहान चमचाभरच, त्यामुळे लोणचं, पापड आणि खारा ठेचा गेला. मावशींना डाळ परत आल्याच्या आनंदापेक्षा ठेचा गेल्याचं दुःख जास्त झालं.

खरी ओढाताण झाली ती वेळेवरून. काका संध्याकाळी सातला जेवून मोकळे होणारे. सिरॉसिसमध्ये लिव्हरमधला साखरेचा साठा तुटपुंजा असतो. आपण दोन-तीन दिवस उपाशी राहिलो तर शरीराची जी झीज होईल, तशी यांची एका रात्रीत होते. म्हणून झोपताना दूध आणि दशमी हवीच. मुलाने मोबाईलवर दहाचा गजर लावला.

"आणि एकादशी, माउली?" काकांनी विचारलं.

एकादशी करा, पण उपाशी राहू नका: राजगिरा, शेंगदाण्याची आमटी आणि दूध, दर तीन तासांनी. पंधरवड्याच्या एकादशीला हे त्यांनी कबूल केलं. आषाढीला मात्र ते पाण्याशिवाय काही घेत नाहीत, आणि त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.