पिस्तूल डावीकडं मारतंय

मी कोल्हापुरात १० मीटर एअर पिस्तूल शिकवते. ऑगस्ट २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं आणि आमच्या रेंजवर चौकशीला येणाऱ्यांची रीघ लागली. स्वप्निलचं पदक ५० मीटर रायफलचं, पण आईबापांना रायफल काय नि पिस्तूल काय, सगळं सारखंच. पिस्तुलाचं कौतुक या गावाला नवीन नाही म्हणा; राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण आणलं होतंच.

येणारे बहुतेक शाळकरी. त्यात एका संध्याकाळी ड्यूटी संपवून एक महिला कॉन्स्टेबल आल्या. पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेत उतरायचं त्यांच्या मनात होतं. वर्षाच्या फायरिंगला दोन्ही हातांनी धरून ९ एमएमचं सर्व्हिस पिस्तूल चालवलेलं, त्यामुळे हत्याराची भीती अजिबात नाही. नळी कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, हे त्यांना सांगावं लागलं नाही. नवशिक्यांना शिकवताना माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून मी खूश होते.

पहिलं कार्ड, म्हणजे टार्गेटचा कागद, आलं. जवळजवळ सगळी भोकं खाली डाव्या बाजूला, घड्याळात सात वाजतात त्या दिशेला, काळा गोल सोडून पांढऱ्यात.

“मॅडम, हे पिस्तूल डावीकडं मारतंय बघा. तेवढा स्क्रू फिरवून द्या.”

त्याच पिस्तुलानं दुपारी आठवीतल्या एका मुलीनं कार्डाचा काळा गोल फोडला होता. ते मी बोलले नाही. उजव्या हाताच्या नवशिक्याची गोळी सात वाजता जाते तेव्हा मी आधी ट्रिगरवरचं बोट बघते, आणि ग्रुप जमेपर्यंत, म्हणजे भोकं एका जागी पडेपर्यंत, साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) स्क्रूला कुणाला हात लावू देत नाही. यावरून आमच्याकडे वाद होतात. मी ऐकत नाही.

“आता पिस्तूल मी लोड करून देणार,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त उचलायचं आणि मारायचं.”

स्पर्धेच्या एअर पिस्तुलाला ड्राय फायरची सोय असते. ती लावली की ट्रिगर अगदी खऱ्यासारखा चालतो, पण हवा सुटत नाही. पहिले दोन शॉट मी खरे दिले. तिसऱ्याला त्यांच्या नकळत ड्राय लावून पिस्तूल हातात दिलं. त्यांनी हात उचलला, श्वास सोडला, साइट जुळवली. बारीकसा ‘टक्’ आवाज आला आणि कुणीतरी मनगटावर टपली मारावी तशी नळी खाली डावीकडे गेली. ना पेलेट (छर्रा) सुटला, ना झटका बसला. बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली गेली, अंगठा दाबला गेला, मनगट वाकलं. खऱ्या शॉटमध्ये हे सगळं आवाजाखाली झाकलं जातं. इथे झाकायला काही नव्हतं.

त्यांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं. “हा सुटलाच नाही?”

“नाही.”

“मग नळी का खाली गेली?”

प्रश्न त्यांनीच विचारला, म्हणून पुढचं सांगणं सोपं गेलं. ९ एमएमचा धडाका आणि धक्का अंगाला माहीत असतो. तो बसायच्या आधीच अंग त्याला अडवायला जातं आणि ट्रिगर सुटण्याच्या क्षणी नळी खाली ढकलतं. एअर पिस्तुलात धक्का नसल्यातच जमा, पण हातात पिस्तूल आलं की हाताला जुनंच आठवतं. शिवाय या पिस्तुलाचा ट्रिगर ५०० ग्रॅमवर सुटतो. सर्व्हिस पिस्तुलाला त्याच्या कितीतरी पट जोर लागतो. तेवढा जोर इथे लावला की मूठ ओढली जाणारच.

मग मी कागदावर हिशेब मांडला. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे तिसेक पट लांब. पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तर भोक तीन सेंटिमीटर बाजूला. दहा गुणांचं मधलं वर्तुळ अवघं साडेअकरा मिलिमीटरचं. याउलट दोन्ही साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर डुलला, तर भोकही पाचच मिलिमीटर सरकतं. म्हणजे दहा मिळायला हरकत नाही! हात सगळ्यांचाच डुलतो, मोठ्या खेळाडूंचाही. नवशिका मात्र हात थांबायची वाट बघतो, काळा गोल साइटवर बरोबर बसला की मनात ‘आत्ता!’ म्हणतो आणि ओढतो. शॉट जातो तो या ‘आत्ता’पायी. हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ही माणसं मेहनत करत असतात, फक्त चुकीच्या ठिकाणी.

मी कार्ड उलटं लावलं. कोरी पांढरी बाजू समोर, गोल नाही, आकडे नाहीत. बघायची फक्त पुढची साइट: वरची कड मागच्या साइटशी समपातळीत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. मधलं बोट आणि अनामिका यांनी ग्रिप सरळ मागे दाबायची, अंगठा नुसता टेकलेला. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर, बाकी ते बोट ग्रिपला कुठे चिकटू द्यायचं नाही. एकदा त्यांना नुसतं धरायला सांगून ट्रिगर मी माझ्या बोटानं दाबला, इतक्या सावकाश की शॉट सुटला तेव्हा त्या दचकल्या. “एवढंच?” म्हणाल्या. एवढंच.

सात-आठ सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्यायचा, हा नियम त्यांना सगळ्यात जड गेला. “खाली घ्यायचं म्हणजे हरल्यासारखं वाटतंय,” त्या म्हणाल्या. पण डोळा थकतो, श्वास अडकतो, आणि त्यापुढे मारलेला शॉट बहुतेक वेळा वायाच जातो. उचललेला हात न मारता खाली घेणं ज्याला जमलं, त्याची प्रगती मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या संध्याकाळी त्यांनी हात कितीतरी वेळा खाली घेतला, सुरुवातीला नाराजीनं आणि मग आपणहून.

पहिलं कोरं कार्ड काही खास नव्हतं. दुसऱ्यावर भोकं एका जागी गोळा व्हायला लागली. मग मी सरळ बाजूचं कार्ड लावलं. दोन शॉट बाहेर गेले, बाकी सगळे काळ्या गोलात, सात-आठ-नऊमध्ये, आणि एक दहा. स्क्रू होता तिथेच होता. सुरुवातीला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फिरवला असता तर हीच भोकं वर उजवीकडे पांढऱ्यात गेली असती. हे त्यांनीच कार्ड हातात धरून, बोटानं दाखवत मला सांगितलं.

जाताना विचारलं, “कुठलं पिस्तूल घेऊ?” परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या वर जातं, इतक्यात घेऊ नका, रेंजचं वापरा, असं मी सांगितलं. “मग घरी सर्व्हिस पिस्तुलावर ड्राय करू का?” त्याला मी साफ नाही म्हटलं. ते हत्यार ड्यूटीचं आहे, त्याच्याशी घरी सराव नको. त्याऐवजी ड्यूटीच्या आधी अर्धा तास इथे येऊन पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय करायचं ठरलं.

त्या येतात अजून. सवय पूर्ण गेलेली नाही. मागच्या महिन्यात ९ एमएमचं फायरिंग करून आल्या तर पहिली सिरीज (दहा शॉट) पुन्हा सात वाजता. आल्याआल्या म्हणाल्या, “मॅडम, हा आठवडाभर लोड तुम्हीच करून द्या, खरं की ड्राय ते मला सांगू नका.” सध्या तसंच चाललंय.