बुडाखालची ऊब

भल्या पहाटे, तेही ऐन थंडीत, मोटरसायकल काढणाऱ्याकडे घरातले लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर पाठीवर घेऊनच मी जिना उतरलो. टाकीवर दव साचलं होतं, सीटवरही. सीट पुसली, चोक ओढला, किक मारली. गाडी एकदा खोकली आणि गप्प. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक हवा अडवून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, हे मला पाठ आहे. गाडीला ते कुणी सांगितलेलं नसावं. सातव्या किकला उठली. तोवर मी जॅकेटच्या आत घामाघूम. हाच घाम पुढे गार होतो आणि वाटभर पाठीला चिकटून सोबत करतो.

आम्ही चौघे. निघालो होतो मोटरसायकलींच्या प्रदर्शनाला. म्हणजे कुडकुडत दोन तास चालत्या गाडीवर बसायचं, ते उभ्या गाड्या बघायला. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याने आधीच तोंड बंद करून ठेवलं होतं आमचं: जर्मनीत १९५६ पासून ऐन हिवाळ्यात ‘एलेफंटनट्रेफेन’ नावाचा मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरतो, लोक बर्फात तंबू ठोकून राहतात, आणि तुम्हाला स्वेटर पुरत नाही? असा दाखला दिल्यावर कोण नाही म्हणणार!

थंडीचं गणित मात्र दाखल्यांना जुमानत नाही. हवा १० अंशांवर असली आणि तुम्ही ताशी ८० किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ती चार-पाच अंशांसारखी लागते. कातडीलगतचा उबदार हवेचा पातळ थर वारा सतत ओरबाडून नेत असतो. आधी करंगळी जाते, मग तिच्या शेजारचं बोट. क्लच दाबला की नाही हे हाताला कळेनासं होतं, गाडीच्या आवाजावरून ओळखायचं. नाकातून श्वास सोडला की व्हायझरवर धुकं. काच बोटभर उघडली की डोळ्यांत सुया. बंद केली की पुन्हा धुकं. तासभर मी याच दोन संकटांमध्ये आलटून पालटून राहत होतो.

थंडीत मित्रांची खरी वर्गवारी कळते. एकाच्या गाडीला पुढे मोठं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं कवच, आणि त्याच्या मागे रेडिएटर. तो राजासारखा बसलेला. माझं बापडं एक सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं इंजिन, सगळी उष्णता फिन्समधून, म्हणजे अंगावरच्या पातळ पात्यांतून, रस्त्याला दान करत चाललेलं. पहिल्या थांब्यावर मी हेल्मेटही न काढता गाडीपुढे उकिडवा बसलो आणि दोन्ही तळवे इंजिनाजवळ धरले. आधी काहीच जाणवेना. मग बोटांत अशी कळ उठली की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात जळकट वास. उजवा हातमोजा सायलेन्सरच्या पाइपला टेकला होता. उचलला तर बोटापासून पाइपापर्यंत चिकाची काळी तार लांबत गेली. फेअरिंगवाला एवढा हसला, एवढा हसला, की त्याला ऊब आली असेल तर ती त्यानेच.

प्रदर्शनाबद्दल काय सांगू? दिव्यांखाली गाड्या चकाकत होत्या, टायरांना मातीचा कण नव्हता. १९६९ ची होंडा सीबी ७५० मात्र मी डोळे भरून पाहिली: आडवी चार सिलिंडरं, चार सायलेन्सर आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. तिच्यापुढे आमच्यातला एकजण गुडघ्यावरच बसला. भक्तीने की आखडलेल्या पायांमुळे, विचारलं नाही.

कोपऱ्यात एक लाकडी सांगाडा होता. १८८५ चं, जर्मन अभियंता डाइम्लरचं ‘राइटवागेन’, पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल. अर्थात नक्कल, अस्सल गाडी १९०३ च्या कारखान्याच्या आगीत गेली. अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन, लाकडी चाकांना लोखंडी धावा, पडू नये म्हणून बाजूला दोन चिमुकली चाकं. त्या नोव्हेंबरात डाइम्लरचा मुलगा ती घेऊन निघाला आणि म्हणे वाटेत सीटच पेटली, कारण इंजिन पेटवणारी तापलेली नळी नेमकी तिच्याखाली. थंडीच्या दिवसांत पहिलीच सफर आणि बुडाखाली जाळ! आजूबाजूचे लोक हळहळले. मी करंगळी चोळत उभा होतो, मला त्या पोराचा सरळ हेवा वाटला.

बाहेर आलो तेव्हा दुपार कलली होती. आमच्या चारही गाड्या धुळीने माखून ओळीत उभ्या. नेहमीच्या सवयीने मी सीट पुसायला हात फिरवला. काळं रेक्झिन उन्हाने मस्त तापलं होतं. बसलो. बाकीचे तिघेही आपापल्या सीटवर टेकले. कुणी हेल्मेट चढवेना, कुणी किकला पाय लावेना. फेअरिंगवाल्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, “अजून पाच मिनिटं.”

आम्ही तिघांनी नुसत्या माना हलवल्या.