बिक्स्बी पूल: बघायला दहा मिनिटं, गाडी लावायला पाऊण तास

फोटोत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या या पुलाजवळ चिटपाखरूही दिसत नाही. त्या फोटोंच्या भरवशावर मी आई-बाबांना घेऊन शनिवारी भर साडेअकराला तिथे पोचले. चूक माझीच, पण राग अजून गेलेला नाही.

सॅन होजेहून कार्मेलपर्यंत काही त्रास नाही. तिथून हायवे वनने दक्षिणेला साधारण १३ मैल. वाटेत एक फसगत होते: बिक्स्बीच्या जरा अलीकडे रॉकी क्रीकचा पूल लागतो, तसाच कमानीचा आणि १९३२ सालचाच. आई "आला, आला!" म्हणाली, मीही वेग कमी केला. तो नव्हे.

खऱ्या पुलाच्या उत्तर टोकाला, समुद्राच्या बाजूला मातीची एक पट्टी आहे. पार्किंग म्हणायचं ते एवढंच. पट्टी गच्च भरलेली, दोन गाड्यांची शेपटं तर रस्त्यात आलेली. थांबावं तर मागून हॉर्न. शेवटी निमूटपणे पूल ओलांडला. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो, त्यावरून जाताना मला पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांपलीकडे काही दिसलं नाही. पूल जेमतेम २४ फूट रुंद, पदपथ नाही, मध्ये थांबायचा प्रश्नच नाही.

हरिकेन पॉइंटच्या चढावर जागा बघून गाडी वळवली. परत येते तर पट्टी आता डाव्या हाताला! समोरून येणाऱ्यांना आडवं जाऊन आत घुसायची माझी हिंमत नाही. (म्हणून उत्तरेकडूनच या, उजवीकडे सरळ आत शिरता येतं.) गेले तशीच रॉकी क्रीकपर्यंत, पुन्हा वळले. या खेपेला एक गृहस्थ डिकीत सामान ठेवताना दिसले. "निघताय का?" मान हलली. मी इंडिकेटर लावून थांबले, तर पठ्ठ्याने डबा काढला आणि डिकीतच बैठक मारून सँडविच खायला घेतलं!

"अगं, तो समोरचा कच्चा रस्ता रिकामा आहे की," आई म्हणाली. तो ओल्ड कोस्ट रोड. रिकामा, कारण तिथे नो पार्किंगच्या पाट्या आहेत. पुन्हा पूल, पुन्हा हरिकेन पॉइंट, पुन्हा रॉकी क्रीक. तिसऱ्या खेपेला जागा मिळाली. सँडविचवाल्याचीच.

मोबाइलला रेंज नव्हती, नकाशा घरूनच उतरवून ठेवा.

बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. कानटोपी घट्ट करून ते कठड्यापाशी उभे राहिले. खाली धुकं होतं, ते सरकलं तशी कमान पायथ्यापासून वर उघडत गेली. लांबी ७१४ फूट, उंची २६० फुटांच्या वर, सगळं काँक्रीट. मी वाचून दाखवत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. "या दरीत सेंट्रिंग उभं कसं केलं असेल?" एवढंच विचारलं. लाकडी सांगाड्यावर कमान ओतली होती, आणि हायवे मात्र १९३७ साली पुरा झाला, म्हणजे पुलानंतर पाच वर्षांनी. हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "रस्त्याआधी पूल? आमच्याकडे असं केलं असतं तर चौकशी लागली असती."

फोटो काढले, त्यातल्या निम्म्यांत दुसऱ्यांच्याच गाड्या आहेत. सकाळी आठच्या आत आलात तर जागा मिळेल, मात्र उन्हाळ्यात त्या वेळी पुलाऐवजी धुकंच बघावं लागेल.

आणि हो, पुलापाशी शौचालय नाही. कार्मेलमध्येच उरकून घ्या. आईने "आता बाथरूम कुठे?" असं विचारलं, तेव्हा दक्षिणेला अँड्र्यू मोलेरा पार्कपर्यंत जावं लागलं, म्हणजे पाचव्यांदा पूल ओलांडून. त्या खेपेला पुढे एकही गाडी नव्हती. पहिल्यांदाच पूल नीट दिसला.