टेनवेकचे ऑपरेशन थिएटर: केनियातील मिशन रुग्णालयात शिकवायला जाणाऱ्यांसाठी

नैरोबीहून बोमेटकडे जाणारा रस्ता माई माहिऊपाशी रिफ्ट व्हॅलीचा कडा उतरतो, नारोकचा गव्हाचा मुलूख ओलांडतो आणि चार-पाच तासांनी चहाच्या मळ्यांत शिरतो. टेनवेक रुग्णालय या मळ्यांच्या परिसरात, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. घाटात अवजड ट्रकची वर्दळ असते, म्हणून मुंबईहून येणाऱ्यांनी पहिली रात्र नैरोबीत काढून सकाळी उजेडीच निघावे.

अमेरिकी मिशनऱ्यांनी १९३७ मध्ये सुरू केलेल्या या दवाखान्याला कायमचा डॉक्टर मिळायला १९५९ साल उजाडले. आज येथे न्यांगोरेस नदीच्या धबधब्यावर रुग्णालयाचा स्वतःचा वीजप्रकल्प आहे आणि ‘आम्ही उपचार करतो, येशू बरे करतो’ हे संस्थेचे ब्रीद आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभारलेल्या रुग्णालयाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही.

मी गेलो ते मात्र येथे चालणाऱ्या सर्जनांच्या प्रशिक्षणात शिकवायला. हे प्रशिक्षण देणारी पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले केंद्र गॅबनमधील बोंगोलो येथे सुरू झाले. शिकायला परदेशी गेलेला सर्जन खेड्यात परतेलच असे नाही, तेव्हा त्याला खेड्यातल्याच मिशन रुग्णालयात शिकवावे, हा त्यामागचा विचार. जनरल सर्जरीचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून रेसिडेंट, म्हणजे प्रशिक्षण घेणारे डॉक्टर, पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेच्या सर्जन महाविद्यालयाच्या, म्हणजे ‘कोसेक्सा’च्या परीक्षांना बसतात. बायबल अभ्यास हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. ही गोष्ट येथे कोणी झाकून ठेवत नाही, आणि पाहुण्यानेही ती गृहीत धरूनच यावे.

या भागात अन्ननलिकेचा कर्करोग फार आढळतो, आणि तिशीच्या आतले रुग्णही दिसतात. घोटभर पाणीही उतरेनासे झाल्यावर अनेक जण येथे पोहोचतात. तोवर गाठ काढण्याची वेळ टळून गेलेली असते. तिसऱ्या वर्षाच्या एका रेसिडेंटला मी स्टेंट, म्हणजे अन्ननलिका उघडी ठेवणारी नळी, बसवताना पाहिले. तिने दुर्बिणीतून गाठीचे वरचे आणि खालचे टोक दातांपासून किती सेंटिमीटरवर आहे ते मोजले, मार्गदर्शक तार पुढे सरकवली, त्या मापाने स्टेंटच्या नळीवर खूण केली आणि क्ष-किरणांच्या पडद्याशिवाय स्टेंट नेमक्या जागी उघडला. शेजारी उभ्या वरिष्ठांनी ‘आणखी एक सेंटिमीटर खाली’ एवढेच सांगितले. यंत्राला हात लावला नाही.

पुढे जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे याच अनुभवातून आले आहे. थोड्या दिवसांसाठी आलेल्या सर्जनने स्वतः केलेली प्रत्येक शस्त्रक्रिया ही एखाद्या रेसिडेंटच्या हातून गेलेली केस असते. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून असिस्ट करावे आणि तोंडाने शिकवावे. आपल्याकडून नेण्याजोगेही पुष्कळ आहे. दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीच्या जाळीचा वापर रूढ केला. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना करणारी चाचणी झाली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. ग्रामीण महाराष्ट्राचा हा अनुभव येथे ऐकणाऱ्यांना मनापासून हवा असतो.

चीर देण्यापूर्वी रुग्णाच्या भाषेत प्रार्थना होते. ही भाषा बहुधा किप्सिगिस किंवा स्वाहिली असते. अन्यधर्मीय पाहुण्याने तेवढा वेळ शांत उभे राहिले तर पुरते, भक्तीचा आव आणण्याची गरज नाही. मी स्वतः ख्रिस्ती असूनही मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते: प्रार्थना झाली म्हणून रुग्णाचे नाव, बाजू आणि रक्ताची सोय तपासण्याची यादी वगळली जाऊ नये. मी पाहिलेल्या शस्त्रक्रियांत दोन्ही गोष्टी होत होत्या, आणि यादी रेसिडेंटच मोठ्याने वाचत होता.

आता तयारीचे. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी शासनमान्य केंद्रात घ्यावी. प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते. केनियाचा इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना निघण्यापूर्वीच ऑनलाइन काढावा. मात्र तेवढ्यावर रुग्णाला हात लावता येत नाही. त्यासाठी केनियाच्या वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. तिचा अर्ज यजमान रुग्णालयाच्या मदतीने काही महिने आधी करावा आणि पदवी व नोंदणीच्या साक्षांकित प्रती जवळ बाळगाव्यात. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, तेव्हा चपला-कपडे कापडी पिशव्यांत भरावेत. तीन चौकोनी पिनांचा प्लग आणि स्वेटर हवाच. शाकाहाऱ्यांची चपाती, राजमा आणि सुकुमा विकी या पालेभाजीवर सहज सोय होते. मुदत संपलेले टाक्यांचे धागे भेट म्हणून नेऊ नयेत. काय हवे ते आधी विचारावे. मार्च ते मे या मोठ्या पावसात खेड्यांकडचे कच्चे रस्ते चिखलाचे होतात, म्हणून आसपासच्या दवाखान्यांना भेट द्यायची असेल तर हे महिने टाळावेत.